अकरा वनस्पती

तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला सासूबाईंना वीस मिनिटं लागत. शिडीवरून उतरावं तशा त्या उलट्या उतरायच्या. तोंड जिन्याकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कठड्याला. प्रत्येक पायरीवर थांबून त्या एक शिवी हासडत. ती गुडघ्यांना असे, पण जिन्यात भेटलेल्या माणसाला ती आपल्यालाच दिल्यासारखी वाटे.

एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत त्यांनी तीस वर्षं चादरींना इस्त्री केली होती, तीही उभ्याने. वाफेने हातांची कातडी गुळगुळीत झाली होती आणि गुडघ्यांतलं वंगण संपलं होतं. गल्लीत त्यांना 'कडक इस्त्री' म्हणत, आणि ते काही नुसतं धंद्यावरून नव्हतं. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरात तिघंच. मुलगा वीज कंपनीत मीटर रीडर. सून लेबलं छापणाऱ्या एका प्रेसमध्ये प्रूफं तपासायची. शाम्पू, फिनेल, लोणचं, खोकल्याचं औषध, सगळ्यांची लेबलं तिच्या टेबलावरून जात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, टिंब राहिलं की ती लाल पेनाने गोल करायची. एका शुद्धलेखनाच्या चुकीपायी मालकाला एकदा दहा हजार लेबलं फाडावी लागली होती. तेव्हापासून तिची सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे.

एका रविवारी सकाळी सासूबाई संडासात बसल्या आणि त्यांना उठताच येईना. आधी त्यांनी हाक मारली नाही. मग हळूच मारली, मग जोरात. मुलाने आणि सुनेने दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. बाहेर आल्यावर त्या कॉटवर बसल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता मला मेलेलं बरं."

"आई, काहीतरी बोलू नकोस," मुलगा म्हणाला.

"तुझं काय जातंय? उघडी मी बसले होते."

त्याच आठवड्यात मुलाने बाटली आणली. पांढरी, हिरव्या झाकणाची. लेबलावर पानांचं चित्र आणि खाली अकरा वनस्पतींची नावं: आलं, हळद, मेथी, दालचिनी आणि आणखी सात. त्याला हे एका सभेत मिळालं होतं. मीटर बघायला घरोघर जाणारा माणूस म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं. सभेत बोलणाऱ्या माणसाला सगळे 'सर' म्हणत होते. सर त्याला म्हणाले होते, "तुमच्यासाठी लोक दार उघडतात. दार उघडणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. बाकीचं आमची कॅप्सूल करते."

सुनेने बाटली फिरवून पाहिली आणि हसली. "हे आमच्याकडचंच आहे. मीच तपासलंय."

"मग बघ. घरचंच औषध झालं," तो म्हणाला.

सकाळी एक, संध्याकाळी एक. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या बोटांची सूज उतरली. नवव्या दिवशी त्या खाली उतरल्या त्या सरळ, माणसासारख्या, रस्त्याकडे तोंड करून. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी थांबवलं आणि वर नेऊन पुन्हा एकदा उतरून दाखवलं. त्या दिवशी त्या रडल्या. सुनेने त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या सहा महिन्यांत त्या घरात एक वेगळीच बाई राहायला आली असं म्हटलं तरी चालेल. तिला झोप लागत नसे. पहाटे चारला ती कपाटं रिकामी करून पुसायला घ्यायची. तिला सारखी भूक लागे, दोन माणसांचं ती एकटी जेवायची. गाल वर आले, चेहरा चंद्रासारखा गोल झाला. शेजारणी म्हणत, "काय मावशी, बाळसं धरलंत की!" आणि मावशी खूश होत. हातापायांच्या काड्या होत चालल्यात, दंडावर जरा कुठे लागलं की जांभळे डाग पडतायत, पाण्याचा माठ दिवसातून दोनदा भरावा लागतोय, हे सगळं सुनेच्या लक्षात येत होतं. पण बोलायची सोय नव्हती, कारण नव्या बाईची जीभ जुन्या बाईपेक्षा जहाल होती.

"मी चौसष्टाव्या वर्षी पळते आणि तू तिशीत लोळतेस," त्या म्हणत. मग मुलाला सांगत, "दे हिला पण एक गोळी. नाहीतर हिचा गंज कधी निघायचा?"

एकदा मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी पातेलं उचलून सुनेच्या पायाशी आपटलं. गरम वरण घोट्यावर उडालं. मुलगा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "जोर बघ आईच्या हातात!" त्याचा आवाज खरोखरच कौतुकाचा होता.

आईपेक्षा चांगली जाहिरात त्याला कुठे मिळणार होती? तो मीटरचे आकडे टिपायचा, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून विचारायचा, "गुडघे?" मग मोबाइलवर आईचे दोन व्हिडिओ दाखवायचा, आधीचा आणि नंतरचा. वर्ष व्हायच्या आत त्याची त्र्याण्णव घरं झाली. सभांमध्ये तो आईला घेऊन जाई. सासूबाई स्टेजच्या पायऱ्या धावत चढायच्या. खाली टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. तीस वर्षं हॉटेलच्या मागच्या दाराने आत-बाहेर केलेल्या बाईला ह्या टाळ्यांची गोळीइतकीच सवय लागली.

मध्यंतरी लेबल बदललं. अकरा वनस्पतींपैकी तीन नावं काढून दुसरी तीन घातली होती. सुनेने प्रेसच्या मालकाला सहज विचारलं, "औषध बदललं का हो?"

"औषध तेच. त्यांच्या ऑफिसातून फोन आला, ही नावं घाला म्हणून. आपल्याला काय?"

नव्या लेबलावर हिरव्या ठळक अक्षरांत एक शब्द वाढला होता, स्टिरॉइडमुक्त. तो दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला होता. तिने एका ठिकाणचं रूप ठरवलं, दुसरं दुरुस्त केलं आणि सही केली. शब्द खरा आहे की खोटा, हे तपासायचं तिच्या कामात नव्हतं. तसं ते कुणाच्याच कामात नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका दुपारी, पडद्याच्या कड्या काढायला सासूबाई स्टुलावर चढल्या. स्टूल हातभर उंचीचं. पाय घसरला, त्या कुशीवर पडल्या, आणि एवढ्याशा पडण्याने मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

हॉस्पिटलात ऑपरेशनआधी तपासायला एक डॉक्टरबाई आल्या. वयाने सुनेएवढ्याच, घाईत, हातात फॉर्म.

"आधीचे आजार?"

"गुडघे तेवढे. बाकी काही नाही," मुलगा म्हणाला.

"शुगर?"

"नव्हती कधी."

"आत्ता तीनशेच्या वर आहे. ती खाली आणल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही. रोजचं औषध काय घेतात?"

"औषध कसलंच नाही. एक हर्बल कॅप्सूल घेते, बस."

"कुणी कधी स्टिरॉइड दिलं होतं? गुडघ्यांसाठी वगैरे? नीट आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

मुलगा खिडकीतून बाहेर बघू लागला. सुनेने पिशवीतून बाटली काढली आणि लेबल पुढे केलं.

"नाही डॉक्टर. हे बघा, लिहिलंच आहे. स्टिरॉइडमुक्त. आमच्याच प्रेसमध्ये छापलंय. मी स्वतः तपासलंय."

डॉक्टरबाईंनी लेबल वाचलं, फॉर्मवर 'नाही' लिहिलं. "ठीक. पण हेही बंद. घरी जाईपर्यंत बाहेरचं काहीही द्यायचं नाही. ऐकताय ना?"

मुलाने तोंड उघडलं. मग मिटलं. "मी चहा घेऊन येतो," असं म्हणून तो गेला.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे सगळे सांधे एकदम पेटले. "माझी गोळी द्या," त्या ओरडायला लागल्या. "अगं ए, माझी गोळी लपवून ठेवलीस ना? सूड उगवतेस?" सुनेने डॉक्टरांचं नाव सांगितलं. सासूबाईंनी तिच्या हाताला नखं लावली. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. नर्स म्हणाली, घाबरल्यामुळे होतं असं. चौथ्या दिवशी शुगर ताब्यात आली आणि ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचं ब्लडप्रेशर पडायला लागलं. सलाइन चढवलं, बाटलीमागून बाटली, इंजेक्शनं झाली, पण ते वर येईना. त्यांना घाम फुटला होता. जीभ जड झाली होती. त्या एवढंच म्हणत होत्या, "गोळी. एकच."

मुलगा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या खिशात बाटली होती.

डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी चादर दूर केली. पातळ पडलेली कातडी, दंडावरचे जांभळे डाग, काड्या झालेले पाय आणि वर तो गोल गरगरीत चेहरा, हे सगळं त्यांनी पहिल्यांदा एकत्र पाहिलं. त्यांनी नर्सवर ओरडून एक इंजेक्शन मागवलं. ते दिलं. पण उशीर झाला होता. दुपारी बाराला सासूबाई गेल्या.

डॉक्टरबाईंनी सुनेला बाजूला घेतलं. "त्या कॅप्सूलमध्ये स्टिरॉइड होतं असं मला वाटतं. भरपूर आणि रोज. बाहेरून इतकं मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. मग ते अचानक थांबलं, त्यात ऑपरेशन झालं, तर माणूस असा कोसळतो. माहीत असतं तर आपण ते चालू ठेवलं असतं. साधी गोष्ट होती." त्या थांबल्या. "चेहरा बघूनच मला कळायला हवं होतं. मी लेबल वाचत बसले."

डॉक्टरबाईंनी हातातला फॉर्म दुमडला.

"सिद्ध करायला तपासणी लागेल. उरलेल्या कॅप्सूल मला आणून द्या. आणि हे आणखी कोण घेत असेल तर त्यांना सांगा, मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरकडे या. घाबरून फेकून दिल्या तर त्यांचंही हेच होईल."

मयतानंतर चौथ्या दिवशी सर घरी आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात फुलं. सासूबाईंच्या रिकाम्या कॉटवर ते बसले. त्यांच्यासोबत मोबाइल धरायला एक जण होता.

"बंद केल्या म्हणून गेल्या," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ. "दीड वर्ष आपल्या कॅप्सूलवर ठणठणीत होत्या. हॉस्पिटलने पाच दिवस बंद केल्या, आणि बघा. यात खोटं काय आहे?"

मुलाने फुलं घेऊन टेबलावर ठेवली.

"लोकांना हे कळलं पाहिजे. आईसाठी एवढं करा. रडू आलं तर येऊ द्या, कापू नका."

आणि तो बोलला. मोबाइलसमोर, आईच्या कॉटवर बसून. "माझ्या आईची कॅप्सूल डॉक्टरांनी बंद केली. चालू असती तर माझी आई आज..." इथे त्याला खरंच रडू आलं. सून स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. एवढी खरी आणि एवढी निर्लज्ज गोष्ट तिने जन्मात ऐकली नव्हती.

तो व्हिडिओ दोन दिवसांत घरोघर गेला. मागणी दुप्पट झाली. जी माणसं एक कॅप्सूल घेत होती ती भीतीने दोन घ्यायला लागली.

सुनेने डॉक्टरबाईंकडे दिलेल्या कॅप्सूलच्या तपासणीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. प्रत्येक कॅप्सूलमध्ये डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड. सोबत दुखणं मारणारं आणखी एक औषध, जे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे. बाकी सगळा स्टार्च. अकरा वनस्पतींपैकी सापडली ती एक, हळद, तीही रंगापुरती.

तिने कागद नवऱ्यासमोर ठेवला. तो जेवत होता. त्याने वाचला आणि पुन्हा घास घेतला.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"आत काय आहे ते माहीत नव्हतं."

"मग काय माहीत होतं?"

त्याने भात कालवला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या गोळीत खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की उलट्या होतात, चक्कर येते, माणूस आडवा होतो. म्हणून बाटली संपायच्या चार दिवस आधी नवी पोचवायची."

"म्हणजे डॉक्टरबाई बंद करा म्हणाल्या तेव्हा तुला कळलं होतं."

"मला वाटलं पाच दिवसांनी काय होतंय."

"तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. तेव्हा?"

"तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं?" तो एकदम उसळला. "त्यांनी तपासायला पाठवलं असतं. माझी त्र्याण्णव घरं आहेत! सगळी माझ्या अंगावर धावून आली असती. तुझ्याही!"

"तुझी आई होती ती. तुझ्या खिशात बाटली होती आणि ती गोळी मागत होती."

त्याने ताट सरकवलं आणि तिच्याकडे पाहिलं. "मी तर काहीच बोललो नाही. बोललीस तू. लेबल कुणी दाखवलं? 'मी स्वतः तपासलंय' कुणी सांगितलं? फॉर्मवरचा तो 'नाही' तुझ्या तोंडचा आहे. तेव्हा मला शिकवायला येऊ नकोस."

हे खरं होतं. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच तो बोलला होता. तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. हात धुताना तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत. रडण्याचा हक्क आपल्याला आहे असंच तिला वाटत नव्हतं.

सकाळी ती प्रेसमध्ये गेली तर टेबलावर नवं प्रूफ. हिरवं झाकण, पानं, अकरा नावं, आणि मधोमध सासूबाईंचा फोटो. स्टेजवरचा, हात वर केलेला. खाली ओळ: 'खंड पडू देऊ नका.'

तिने लाल पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग ती उठून मालकाच्या खोलीत गेली. अहवाल टेबलावर पसरला.

"मी यावर सही करणार नाही. आणि आपण हे छापूही नये."

मालक मनाने वाईट नव्हता. तिच्या सासूच्या मयताला तो आला होता. त्याने अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण आपण कागद छापतो बाई. आत काय भरलंय ते बघायला लागलो तर फिनेलचं तरी कुठं छापणार? त्यात तरी लिहिलंय तेवढं असतं का?"

"माणूस फिनेल पीत नाही."

"तू नाही छापलंस तर पलीकडच्या गल्लीत छापतील."

"छापू देत. त्यावर माझी सही नसेल."

"मग तुझी सही इथे कशावरच नको," मालक म्हणाला. ओशाळून म्हणाला, पण म्हणाला. दुपारपर्यंत तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी होती, आणि संध्याकाळी मशीन सुरू झालं.

ती तक्रार घेऊन औषधांच्या कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने बाटली बघून सांगितलं, हे औषध नाही, पूरक आहार आहे, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाल्यांनी अहवाल बघून सांगितलं, यात तर औषध सापडलंय, हे औषधवाल्यांचं काम. ती पुन्हा पहिल्या खिडकीवर आली. तिथे तिला सांगितलं, अर्ज ठेवून जा, नमुने घ्यायला माणूस येईल. कधी? तो हसला. "ताई, माणूस एकच आहे."

माणूस येईपर्यंत त्र्याण्णव घरांत सकाळ-संध्याकाळ गोळी जाणार होती. तिने नवऱ्याच्या वहीतल्या पत्त्यांचे फोटो काढले आणि चालायला लागली.

पण नवरा तिच्या पुढे गेला होता. त्याने फक्त एवढंच पसरवलं होतं, की हॉस्पिटलात गोळ्या बंद करायला त्याच्या बायकोनेच सांगितलं. सासूशी तिचं कधीच पटत नव्हतं. तिच्या घोट्यावरचा भाजल्याचा डाग सगळ्यांनी पाहिला होता. लोकांना दोन्ही गोष्टी जोडायला वेळ लागला नाही.

"सासूला खाऊन आता आमच्यामागे लागलीस का?" पहिल्याच घरातली बाई म्हणाली आणि दार लावलं.

दुसऱ्या घरात तिला बसायला दिलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "हे जाऊ दे. मीटरवाल्या दादांपेक्षा स्वस्तात मिळेल का तुझ्याकडे?"

तिसऱ्या घरातल्या माणसाने घाबरून बाटली तिच्यासमोरच मोरीत ओतायला घेतली. तिने त्याचा हात धरला. "ओतू नका! बंद करू नका!" तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "अहो, विष म्हणता आणि वर घ्या म्हणता?" काय सांगणार होती ती? विषच होतं, आणि घ्यायलाही हवं होतं, डॉक्टरांनी थोडं थोडं कमी करेपर्यंत. तिने घशाला कोरड पडेपर्यंत समजावलं. त्याने ऐकल्यासारखं केलं. आठ दिवसांनी कळलं, त्याने त्याच संध्याकाळी सगळी बाटली ओतली होती. शेजाऱ्यांनी त्याला बेशुद्धावस्थेत उचलून नेलं. तो वाचला, पण गल्लीत बातमी पसरली ती अशी, की ती बाई येऊन गेली आणि माणूस आडवा झाला.

त्यानंतर तिच्यावर कुणीतरी जिन्यातून धुण्याचं पाणी ओतलं. नवरा सरांनी दिलेल्या नव्या जागेत राहायला गेला. जाताना आईच्या कॉटची गादीसुद्धा घेऊन गेला, त्या गादीवर बसूनच तो आता व्हिडिओ करतो. ती एका शिवणाच्या दुकानात बटणं लावायला लागली, आणि दुकान सुटलं की रोज दोन घरं घ्यायची. ह्या घरांतल्या माणसांना तपासायला डॉक्टरबाईंनी दर गुरुवारची सकाळ मोकळी ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकच म्हातारी आली होती, तीही पत्ता चुकून.

चाळिसावं की एकेचाळिसावं घर पोस्टातून रिटायर झालेल्या एका काकांचं होतं. पस्तीस वर्षं पायी टपाल वाटून त्यांचे गुडघे गेले होते. आता ते रोज सकाळी बागेला तीन फेऱ्या मारत. त्यांचा चेहरा गोल झाला होता. तिला दारातच कळलं.

काकांनी तिला आत घेतलं. मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकलं. अहवाल वाचला, चष्मा न लावता, लांब धरून.

"मग तू मला काय द्यायला आली आहेस?" त्यांनी विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही.

"तो आला, त्याने मला पाय दिले. तू काय देणार? दुखणं परत देणार. हो की नाही?"

"हो," ती म्हणाली.

"किती दुखेल?"

"आधीपेक्षा जास्त. काही महिने तरी."

"आणि नाही सोडलं तर?"

"हाडं भुसभुशीत होतील. शुगर वाढेल. मग एक दिवस कुणीतरी दोन दिवस गोळी देणार नाही. माझ्या सासूबाईंना दिली नाही तशी."

"दिली कुणी नाही?"

तिने मान खाली घातली नाही. "मी. मीच डॉक्टरांना सांगितलं की यात काही नाही. लेबलावर लिहिलं होतं आणि त्या लेबलावर माझी सही होती."

आतल्या दारात काकू येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड दाबलं. काका उठले, खिडकीपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. पुन्हा गेले. ते आपले पाय बघत होते.

"जा तू," ते शेवटी म्हणाले. "मला विचार करू दे. आणि परत येऊ नकोस."

ती उठली.

त्या गुरुवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती नेहमीसारखी एकटी बसली होती. दहाच्या सुमाराला काका आले. त्यांच्यामागे काकू, आणि काकूंच्या मागे बागेत फेऱ्या मारणारी चार माणसं. सगळ्यांचे चेहरे तसेच गोल. एकाने दारातच तिला ऐकू जाईल असं विचारलं, "हीच का ती, सासूला मारणारी?"

"हीच," काका म्हणाले. "बस गप्प."

त्यांचा नंबर पहिला होता. आत जायच्या आधी ते तिच्यासमोर थांबले.

"दुखायला लागलं की मी तुला शिव्या देणार. रोज देणार. दारात येऊन देणार."

"द्या, काका," ती म्हणाली. "मी दार उघडीन."